किल्ली कोणाकडे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न राहण्या-उतरण्याच्या इंग्रजी शब्दांबद्दलच आहेत आणि ते साहजिकच आहे, ॲडमिशनचे दिवस, कोणाचा मुलगा पुण्याला निघालाय, कोणाची भाची परदेशी, आणि इथे आपल्या ग्वाल्हेरात गल्लोगल्ली ‘कमरा किराये से देना है’च्या पाट्या लागल्यात. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवते आणि हेच घेते.

ताई, मी दौलतगंजात राहते. माझा मुलगा सप्टेंबरात इंग्लंडला, लेस्टरला शिकायला जातोय. युनिव्हर्सिटीची खोली आठवडाभर उशिरा मिळणार, तोवर नणंदेच्या ओळखीतल्या एका कुटुंबाकडे राहायचंय. त्याने त्यांना मेल लिहिला, ‘प्लीज ॲडजस्ट मी फॉर वन वीक’. मला ते खटकलं पण बरोबर काय ते सांगता येईना. ‘अकॉमोडेट’ म्हणू का?

खटकलं ते अगदी बरोबर खटकलं काकू. इंग्रजीत खुर्चीची उंची ॲडजस्ट करतात, आरसा ॲडजस्ट करतात, किंवा माणूस स्वतः नव्या गावाला ॲडजस्ट होतो, पण ‘मला ॲडजस्ट करा’ हे आपलं रेल्वेच्या डब्यातलं, तीन जणांच्या बाकावर चौथा बसतो ना तेव्हाचं, ते तिकडच्या माणसाला कळणारच नाही. ‘अकॉमोडेट’ चूक नाही पण तो ऑफिसचा शब्द आहे. हॉल पाचशे माणसं अकॉमोडेट करतो, हॉटेल पाहुणे अकॉमोडेट करतं. घरातल्या माणसाला तसं लिहिलं की अर्ज केल्यासारखं वाटतं.

आपण मराठीत काय म्हणू ते आधी बघा. ‘आठवडाभर तुमच्याकडे उतरलो तर चालेल का?’ हे जे ‘उतरणं’ आहे ना, पैसे नाहीत, करार नाही, ओळखीवर आणि थोड्या दिवसांपुरतं, त्याला इंग्रजीत ‘पुट अप’ आहे, म्हणजे उतरवून घेणं. ‘कुड यू पुट मी अप फॉर अ वीक?’ हे नातेवाइकाला किंवा जुन्या ओळखीच्या माणसाला चालेल. पण ओळख नणंदेची आहे, मुलाची नाही, म्हणून मी आणखी नरम लिहीन: ‘वुड इट बी ऑल राइट इफ आय स्टेड विथ यू फॉर अ वीक, अंटिल माय रूम इज रेडी?’ तारखाही लगेच त्याच मेलमध्ये लिहायच्या, कधी येणार आणि कधी निघणार, कारण तिकडे पाहुण्याच्या निघायच्या तारखेला फार महत्त्व असतं आणि खरं सांगायचं तर इकडेही असायला हवं.

एक सांभाळा. ‘पुट मी अप’ आणि ‘पुट अप विथ मी’ यात एका छोट्या शब्दाने सगळं उलटं होतं, दुसऱ्याचा अर्थ मला सहन करा. मी शाळेत शिकवत असताना वर्षानुवर्षं वहीत ही चूक लाल केली आहे आणि मुलांचा यात दोष नाही, दोन्ही शब्द दिसतात सख्खे भाऊ. आणि ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ हे आपल्याकडे सर्रास विचारतात, तिकडे ‘व्हेअर आर यू स्टेइंग?’ म्हणतात. स्टे म्हणजे मुक्काम, लिव्ह म्हणजे कायमचं राहणं. ‘आय स्टे इन ग्वालियर’ म्हटलं की लंडनचा माणूस समजेल की तुम्ही चार दिवसांसाठी आलाय. स्कॉटलंडमध्ये मात्र आपल्यासारखंच ‘व्हेअर डू यू स्टे?’ म्हणजे घर कुठे.

मित्रांमध्ये ‘क्रॅश’ चालतं, ‘कॅन आय क्रॅश ॲट युअर प्लेस’, सोफ्यावर कुठेतरी पडून राहतो असा त्याचा सूर, पण तो काका-काकूंना नको. ‘टेक इन’ हा निराधार माणसासाठी किंवा भटक्या मांजरासाठी, आणि ‘हार्बर’ तर नकोच नको. डिक्शनरीत त्याचा अर्थ आसरा देणं असा दिसतो, एकेकाळी होताही, पण आता हार्बर करतात ते फरार गुन्हेगाराला.

निघताना त्याला एकच वाक्य पाठ करून द्या, ‘थँक यू फॉर हॅविंग मी’. तिकडे पाहुणा निघताना हेच म्हणतो आणि त्यात ‘तुम्ही मला घरचं करून घेतलंत’ हे सगळं येतं.

आणि जाता जाता, मला फार आवडणारी गोष्ट: ‘होस्ट’ आणि ‘गेस्ट’ हे दोन शब्द एकाच जुन्या मुळातून आलेत. लॅटिनमध्ये ‘होस्पेस’ म्हणजे यजमानही आणि पाहुणाही, एकच शब्द, आणि त्याच घराण्यातून हॉस्पिटल, होस्टेल, हॉटेल निघाले. त्याच मुळाचा ‘होस्टिस’ म्हणजे मात्र परका, आणि पुढे शत्रू. दारात अनोळखी माणूस उभा राहिला की काय करायचं हा प्रश्न त्या लोकांच्या भाषेतच बसलेला दिसतो.

नमस्कार. मी मुरारचा. भाचा लंडनला नोकरीला आहे, एका घरातली एक खोली घेतली आहे, मालक खाली राहतो. भाचा म्हणतो मी टेनंट, मालक म्हणतो तू लॉजर. इथे असतं तर आपण पीजी म्हटलं असतं. हा नुसता शब्दांचा फरक आहे का?

नाही दादा, हा हक्काचा फरक आहे आणि भाच्याला हे आजच्या आज कळवा.

टेनंट म्हणजे ज्याला जागेचा स्वतःचा पूर्ण ताबा मिळतो, तो दार लावून घेऊ शकतो आणि मालकालाही बाहेर ठेवू शकतो. लॉजर म्हणजे जो मालकाच्या घरात राहतो, मालक किंवा त्याची माणसं खोलीत येऊ-जाऊ शकतात, साफसफाई करू शकतात. त्यामुळे टेनंटला काढायला कायद्याची लांब वाट आहे, लॉजरला बहुतेक वेळा रास्त मुदतीची सूचना पुरते. तुमच्या भाच्याचा मालक त्याच घरात राहतो आणि स्वयंपाकघर-न्हाणीघर एकत्र असेल तर तो बहुधा लॉजरच ठरेल. आणि मालक लोक लॉजर का शोधतात त्याचंही कारण आहे, ब्रिटनमध्ये आपल्या राहत्या घरातली सजवलेली खोली भाड्याने दिली तर वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या भाड्यावर कर लागत नाही, २०१६ पासून ही रक्कम आहे.

पण कागदावर काय लिहिलंय त्यावर हे ठरत नाही. १९८५ साली तिथल्या सर्वोच्च कोर्टात, म्हणजे तेव्हाच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड असा खटला झाला. एका बाईंनी आठवड्याला ३७ पौंडांवर दोन खोल्या घेतल्या होत्या, करारात मालकाने टेनन्सी न लिहिता ‘लायसन्स’, म्हणजे नुसती राहायची परवानगी, असं लिहिलं होतं, बाईंनी सहीही केली होती. कोर्टाने बघितलं काय तर ताबा कोणाकडे. ताबा बाईंकडे, ठरलेलं भाडं, ठरलेली मुदत, म्हणजे ही टेनन्सीच. लॉर्ड टेंपलमन यांनी निकालात म्हटलं की खणायचं पाच दातांचं अवजार केलं तर तो फोर्क म्हणजे काटाच झाला, करणाऱ्याने मी फावडं केलं असा कितीही आग्रह धरला तरी. भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य भिंतीवर लावून ठेवावंसं वाटेल, मला तरी वाटलं.

म्हणून माझी एक साधी युक्ती, शब्द निवडायच्या आधी विचारा की किल्ली कोणाकडे आहे. किल्ली पूर्ण तुमची तर टेनंट, आपला भाडेकरू, जुन्या भाषेत बिऱ्हाडकरू. किल्ली आहे पण दार मालकाचंही आहे तर लॉजर. किल्लीच नाही, घंटा वाजवून आत जाता, तर गेस्ट. आणि भाडेकरूने आपली जागा पुढे तिसऱ्याला दिली तर ती सबलेट, तो तिसरा सबटेनंट, आणि याला आपल्या मराठीत जो शब्द आहे ‘पोटभाडेकरू’, त्याची सर इंग्रजीला नाही, भाडेकरूच्या पोटातला भाडेकरू, ऐकताक्षणी सगळी रचना डोळ्यासमोर येते.

‘पेइंग गेस्ट’ हा शब्द तिकडे आता जुना वाटतो, लॉजर म्हणायला जिथे संकोच वाटायचा तिथल्या घरंदाज लोकांनी वापरलेला. आपल्याकडे मात्र त्याचं पीजी झालं आणि ज्या इमारतीत मालक राहतही नाही, चाळीस मुली राहतात, तिलाही पीजी म्हणतात. तिकडच्या फॉर्मवर पीजी लिहाल तर पोस्टग्रॅज्युएट समजतील, एवढं लक्षात ठेवा.

पुण्याला जाणाऱ्यांसाठी इथेच सांगते, कारण याच प्रश्नाला जोडून तिघांनी विचारलंय. तिथला करार ‘लीव्ह अँड लायसन्स’, यातला लीव्ह दीर्घ आहे, राहण्याचा लिव्ह नाही, सोडण्याचाही नाही. हा लीव्ह म्हणजे परवानगी, ‘विथ युअर लीव्ह’ मधला. तुम्हाला राहायची परवानगी आहे, ताबा नाही, असा त्याचा रोख. आणि अकरा महिनेच का, तर १९०८च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, ते टाळायला देशभर अकरा महिन्यांची रीत पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने अकरा महिन्यांचाही करार लेखी करून नोंदवावाच लागतो, आणि नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. हे मुलांना माहीत नसतं. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं डिपॉझिट याच गोष्टीवरून अडकलं होतं, कागद होता पण नोंदलेला नव्हता, दोन महिने पोरगी रडकुंडीला आली होती, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

मी आणि माझी मैत्रीण एका फ्लॅटमध्ये राहतो, खोल्या वेगळ्या. ती माझी रूम पार्टनर, रूममेट की फ्लॅटमेट? (जिवाजी युनिव्हर्सिटीची विद्यार्थिनी)

ब्रिटिश इंग्रजीत फ्लॅटमेट, कारण रूममेट म्हणजे एकाच खोलीत झोपणारी. अमेरिकेत घर एक असलं की खोल्या वेगळ्या असल्या तरी रूममेटच. रूम पार्टनर मात्र आपल्या देशातलाच आहे आणि बाहेर ‘माय पार्टनर’ म्हटलं की नवरा-बायको किंवा जोडीदार समजतात, तेव्हा तो तिकडे नको. तुमच्या होस्टेललाही तिकडे ‘हॉल’ किंवा ‘हॉल्स’ म्हणतात, अमेरिकेत ‘डॉर्म’, होस्टेल म्हणजे पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्यांची स्वस्त उतरायची जागा.

पण पोरी, तुझ्या प्रश्नात एक खजिना आहे तो तुला दाखवते. ‘कॉम्रेड’ हा शब्द ऐकलाय ना, लाल झेंड्याचा. तो स्पॅनिश ‘कामारादा’वरून आला आणि त्यात ‘कामारा’ म्हणजे खोली आहे, म्हणजे कॉम्रेडचा मूळ अर्थ एका खोलीत राहणारे, रूममेटच. आपण हिंदीच्या संगतीने ज्याला कमरा म्हणतो त्याच्याही नात्यातला आहे तो कामारा, पोर्तुगीजांबरोबर आला. आणि ‘चम’, आता जुनाट वाटणारा मित्रासाठीचा शब्द, तो ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांचा, सतराव्या शतकाच्या अखेरचा, बहुतेक ‘चेंबर-फेलो’चा तुकडा, खोलीतला सोबती. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात अविवाहित गोरे तरुण मिळून एक बंगला घ्यायचे, खर्च वाटून घ्यायचे, त्याला ‘चमरी’ म्हणत. तुमचा फ्लॅट तोच प्रकार की. पीजीच्या पाटीवर ‘डबल शेअरिंग’ लिहितात ते तिकडे ‘ट्विन रूम’ किंवा ‘शेअर्ड रूम’.

टू लेट, फॉर रेंट, लीज आणि हायर, यात फरक काय?

लेट ब्रिटिश, रेंट अमेरिकन, पण गंमत ही की रेंट दोन्ही बाजूंनी चालतो, देणाराही रेंट करतो आणि घेणाराही, म्हणून गोंधळ नको असेल तर मालकाच्या बाजूने ‘रेंट आउट’ किंवा ‘लेट’ लिहावं. लीज म्हणजे मुदतीचा लेखी भाडेपट्टा. हायर गाडी, सायकल, मांडव किंवा एखाद्या दिवसापुरता हॉल, राहतं घर हायर करत नाहीत.

मी रिटायर्ड आहे, आयुष्य रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. क्वार्टर म्हणजे पाव भाग, मग घराला क्वार्टर का? आणि बातम्यांत ‘बिलेट’ असा शब्द वाचला तो काय?

काका, हा प्रश्न ग्वाल्हेरच्या माणसानेच विचारायला हवा होता. क्वार्टर म्हणजे चौथा भाग, मग गावाचा एक भाग, मोहल्ला, मग सैन्याने गावाच्या ज्या भागात तळ टाकला तो भाग, आणि तिथून नेमून दिलेली राहायची जागा. राहायच्या जागेसाठी ‘क्वार्टर्स’ असं अनेकवचनी म्हणतात, आपण ते एकवचनी केलं आणि सरकारी खात्याच्या घराला क्वार्टर नाव पडलं.

बिलेट म्हणजे मुळात चिठ्ठी. शिपायाच्या हातात चिठ्ठी असायची, या घरात याची झोपायची सोय करा, आणि घरमालकाला ती मानावी लागायची. पुढे चिठ्ठीचं नाव जागेला लागलं आणि क्रियापदही झालं. लोकांना याचा किती जाच व्हायचा ते यावरून बघा की अमेरिकेने १७९१ साली राज्यघटनेत तिसरी दुरुस्ती केली तीच ही, शांततेच्या काळात मालकाच्या संमतीशिवाय कुठल्याही घरात शिपाई ठेवायचा नाही. आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९३९ पासून अवघ्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख माणसं, त्यात निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं, बॉम्बच्या भीतीने शहरांतून खेड्यांत हलवली, ती अनोळखी घरांत ‘बिलेट’ केली. घरवाल्याला एका मुलाचे आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स, जास्त मुलं असली तर प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स मिळायचे. गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवलेली ती पोरं हॉलमध्ये रांगेत उभी आणि गावातली माणसं येऊन ‘हा आमच्याकडे चालेल’ म्हणून निवडतायत, हे मी वर्गात सांगायची तेव्हा मुलं एकदम गप्प व्हायची. म्हणून बिलेट आणि गेस्ट यात मोठं अंतर आहे, गेस्टला घरातली माणसं बोलावतात, बिलेटला वरून धाडतात.

आता आपल्या गावाकडे, इथल्या मोहल्ल्यांच्या नावांकडे या. लष्कर हा आपल्या शहराचाच एक भाग, आणि लष्कर म्हणजेच सैन्य. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि तो तळ उठलाच नाही, त्याचंच शहर झालं, नाव मात्र तळाचंच राहिलं. शिंदे की छावनी म्हणजे छावणीच. कंपू हा कँपचा भाऊ, शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपूच म्हणत. आणि महाडिक की गोठ, चिटनीस की गोठ ही नावं आपण हिंदी समजून घेतो, मला तर ती सरळ मराठीतला ‘गोट’ वाटतात, सरदाराच्या माणसांचा तळ, ‘विरोधकांच्या गोटात’ म्हणतो ना तोच. म्हणजे क्वार्टर या शब्दाचा जो प्रवास सांगितला, सैन्याचा तळ आणि मग मोहल्ला, तोच प्रवास आपल्या पत्त्यावर लिहिलेला आहे, आणि आपण दोनशे वर्षं तात्पुरत्या जागेत कायमचे राहतोय. वाड्याचासुद्धा इथे बाडा झाला पण महाराज बाड्यावर उभं राहून मराठी कानाला तो वाडाच ऐकू येतो.

मी माधव संगीत महाविद्यालयात शिकते, आपल्या ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीवर इंग्रजीत निबंध लिहायचाय. गुरूच्या घरी राहून शिकणं, वार लावून जेवणं, माधुकरी, हे कसं लिहू? मैत्रीण म्हणाली ‘लिव्ह-इन’ लिही.

लिव्ह-इन नको बाळा. तिकडे लिव्ह-इन नर्स, लिव्ह-इन केअरटेकर असतात हे खरं, पण आपल्या वाचकाच्या डोक्यात आता त्याचा एकच अर्थ येतो. ‘ही लिव्ह्ड विथ हिज टीचर्स फॅमिली ॲज अ रेसिडेंट प्युपिल’ असं सरळ लिही. इचलकरंजीकर बाळकृष्णबुवा ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ही गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले, तेव्हा निबंधात हे वाक्य कामी येईलच.

‘बोर्ड अँड लॉजिंग’ची पाटी तू स्टेशनजवळ बघितली असशील, त्यातला बोर्ड म्हणजे फळी, जेवायचं टेबल, म्हणजेच जेवण. लॉज म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये झोपडी, मांडव. एक जेवण, एक छप्पर. वार लावण्यात गंमत ही की यात बोर्ड आहे पण लॉजिंग नाही, आणि बोर्डसुद्धा सात घरांत वाटलेला, सोमवारी एकीकडे, मंगळवारी दुसरीकडे, आणि पैसे कोणीच घेत नाही. इंग्रजीत याला एक शब्द नाही आणि ओढूनताणून ‘बोर्डर’ लिहू नकोस, बोर्डर पैसे देतो. माधुकरीला ‘बेगिंग’ तर अजिबात नको, विद्यार्थ्याने शिजलेलं अन्न मागून आणणं ही विद्येची रीत होती, तिला ‘कलेक्टिंग कुक्ड फूड ॲज आम्स, ॲज स्टुडंट्स देन डिड’ असं फोडून लिही, आणि मूळ शब्द माधुकरी तसाच ठेव.

आमच्या आजीकडे गुरुवार होता. गाणं शिकणारा एक मुलगा यायचा, हातपाय धुऊन ओसरीवर पाटावर बसायचा, आणि गुरुवार म्हणून आजी पुरणाचं नाही तर निदान शिऱ्याचं काहीतरी करायचीच, तो नोकरी लागून गाव सोडून गेला तरी कितीतरी दिवस गुरुवारी एक पाट जास्त मांडला जायचा. तुझ्या निबंधासाठी वाक्य असं कर: ‘ही एट ॲट सेव्हन डिफरंट हाउसेस, वन फॉर ईच डे ऑफ द वीक, अँड ईच हाउस काउंटेड हिम ॲज देअर ओन.’